गहू बंद केला, तरी टीटीजी उतरत नाही: ग्लूटेन शिरते कुठून?

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे. मुलगी आठ वर्षांची. पाच महिन्यांपूर्वी सिलिअ‍ॅकचे निदान झाले आणि त्या दिवसापासून तिचा गहू पूर्ण बंद आहे. (या आजारात ग्लूटेन, म्हणजे गहू-जवासारख्या धान्यांतले प्रथिन, पोटात गेले की लहान आतड्याचे अस्तर झिजते.) घरातले बाकीचे तिघे नेहमीसारखे जेवतात. परवाच्या रक्ततपासणीत टीटीजी अँटिबॉडीचा, म्हणजे या आजारात वाढणाऱ्या प्रतिपिंडाचा, आकडा आधीपेक्षा कमी आला, पण नॉर्मलपेक्षा अजून बराच वर आहे. अधूनमधून पोटही दुखते. तेव्हा रोजच्या खाण्यापिण्यात ग्लूटेन कुठेकुठे दडलेले असते, त्याची संपूर्ण यादी तुम्हाला हवी आहे.

मी आहारतज्ज्ञ आहे आणि माझ्याकडे सिलिअ‍ॅकची मुले बरीच येतात. लांबलचक यादी हाती देऊन कुणाचे भले झालेले मी फारसे पाहिलेले नाही. अशा याद्यांत लिपस्टिक, टूथपेस्ट, पाकिटाचा डिंक आणि ब्रेडचा चुरा या सगळ्यांना एकच माप लावलेले असते. मग आई टूथपेस्टच्या कंपनीला ईमेल करत बसते आणि तिकडे एकच चाळणी दोन्ही पिठांना चालू राहते. म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा वेगळा मांडते: घरातली बाकीची मंडळी गहू खात असताना मुलीच्या पोटात रोज अंदाजे किती ग्लूटेन जात असेल, आणि ते कोणत्या वाटेने? सगळ्या वाटा सारख्या रुंद नसतात. रुंद वाट आधी बंद करायची.

त्याआधी एक गोष्ट. गळती आहेच, असे आत्ता ठामपणे म्हणता येणार नाही. टीटीजी हळू उतरतो. निदानाच्या वेळी आकडा फार वर असेल, तर आहार अगदी काटेकोर असूनही मुलांमध्ये तो नॉर्मलला यायला वर्ष लागते, कधी दोन वर्षेही लागतात. पाच महिन्यांत तो उतरणीला लागला असेल तर दिशा बरोबर आहे. दोन्ही तपासण्या एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने झाल्या होत्या का तेही पाहा. वेगवेगळ्या किटचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. आकडा एका जागी अडकला किंवा पुन्हा चढला, तर मात्र शोध घ्यायलाच हवा.

पोटदुखीचेही तसेच. ग्लूटेनमुळे लहान आतड्याचे अस्तर झिजलेले असते, आणि दुधातली साखर पचवणारे लॅक्टेज त्याच अस्तरात तयार होते. त्यामुळे सुरुवातीचे काही महिने दूध प्यायल्यावर पोट फुगणे, दुखणे हे बऱ्याच मुलांत होते आणि अस्तर भरून आले की आपोआप थांबते. बद्धकोष्ठता हे दुसरे साधे कारण: गहू गेला, त्याबरोबर तंतुमय पदार्थ गेले आणि त्यांची जागा तांदळाच्या आणि स्टार्चच्या पदार्थांनी घेतली. दुखले की ‘काहीतरी गेले असणार’ असे धरून चालू नका. उलट, दुखत नाही म्हणजे काही जात नाही, असेही नाही. सिलिअ‍ॅकच्या कित्येक मुलांना ग्लूटेन खाऊनही लगेच काहीच जाणवत नाही.

आता मापाचे बोलू, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. 2007 साली इटलीतल्या संशोधकांनी सिलिअ‍ॅकच्या प्रौढ रुग्णांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ग्लूटेनमुक्त आहारावर असलेल्यांना तीन महिने रोज अगदी मोजके ग्लूटेन कॅप्सूलमधून देऊन पाहिले. रोज 50 मिलिग्रॅम जाणाऱ्यांच्या आतड्याचे अस्तर बिघडू लागले. दिवसाला 10 मिलिग्रॅमपर्यंत बहुतेकांना चालते, असे आज साधारणपणे मानतात. व्यक्तीव्यक्तीत फरक असतो, त्यामुळे ही परवानगी समजू नका. मोजपट्टी म्हणून वापरा. गव्हाच्या पिठात वजनाच्या साधारण दहावा हिस्सा ग्लूटेन असते. म्हणजे 50 मिलिग्रॅम ग्लूटेनसाठी अर्धा ग्रॅम पीठ पुरते. अर्धा ग्रॅम म्हणजे एक चिमूट. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये दोन ते तीन ग्रॅम, म्हणजे दोन-तीन हजार मिलिग्रॅम ग्लूटेन असते.

याच मोजपट्टीवर पाकिटावरचे ‘ग्लूटेनमुक्त’ हे शब्द तपासा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाने 2008 पासून त्याची मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम ठेवली आहे आणि बहुतेक देशांचे नियम तिच्याशी जुळतात. असे पदार्थ मुलीने दिवसात अर्धा किलो खाल्ले आणि ते सगळे अगदी मर्यादेवरचे निघाले, तरी पोटात 10 मिलिग्रॅम जाईल. प्रत्यक्षात बहुतेक त्याहून बरेच कमी असतात. त्यामुळे त्या पाकिटांवर संशय घेण्यात तुमचा वेळ जाऊ नये. संशय घ्यायचा तो चिमूटभर पीठ जिथून सहज जाऊ शकते, त्या जागांवर.

अशा जागा बहुतेक स्वयंपाकघरातच असतात, म्हणून इथे जरा रेंगाळते.

पहिला गैरसमज ग्लूटेनला जंतूसारखे समजण्याचा. ग्लूटेन हे प्रथिन आहे. उकळून, भाजून, तळून ते मरत नाही, कारण ते मुळात जिवंतच नसते. गरम तव्यावर ‘जळून गेले असेल’ हा हिशेब चुकीचा. ते धुऊन काढावे लागते: पाणी, साबण, घासणी, आणि घासणीसुद्धा वेगळी. हातांनाही हेच लागू. निर्जंतुक करणाऱ्या जेलने पीठ निघत नाही, ते नुसते पसरते. साबणाने हात धुतले की काम होते.

दुसरी गोष्ट कोरे पीठ. भरलेल्या ताटातल्या ब्रेडपेक्षा मळायला घेतलेले कोरे पीठ जास्त त्रासदायक, कारण ते उडते. हवेत तरंगते, काही वेळाने ओट्यावर, उघड्या भांड्यांवर, शेजारी निवत ठेवलेल्या भातावर बसते. घरात रोज गव्हाचे पीठ मळले-लाटले जात असेल, तर मी पालकांना क्रम बदलायला सांगते: मुलीचे जेवण आधी पूर्ण करून झाकून ठेवायचे आणि गव्हाचे काम शेवटी काढायचे. यात खर्च काही नाही, पण फरक मोठा पडतो.

तिसरी दळणाची. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, राजगिरा या सगळ्यांत जात्याच ग्लूटेन नसते. पण ज्या चक्कीत आधी गहू दळला गेला, त्याच चक्कीतून काढलेले ज्वारीचे पीठ ग्लूटेनमुक्त राहत नाही. पहिले दोन किलो बाजूला टाकले तरी खात्री देता येत नाही. दगडाच्या खाचांत आणि वाटेतल्या कोपऱ्यांत पीठ अडकून राहते. विकतच्या पिठांचीही तीच गत. 2010 साली अमेरिकेत एक चाचणी झाली. जात्याच ग्लूटेन नसलेली पण तसे लेबल न लावलेली 22 धान्ये, बिया आणि पिठे तपासली, तेव्हा त्यांतल्या सातांत 20 पीपीएम किंवा त्याहून अधिक ग्लूटेन सापडले. पीपीएम म्हणजे किलोमागे तितके मिलिग्रॅम. नमुने थोडे होते, त्यामुळे टक्केवारी मनावर घेऊ नका. पण हे प्रत्यक्षात घडते एवढे त्यातून कळते. माझ्या अनुभवात मिश्र घरांतली सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी शंका येणारी गळती हीच. मुलीसाठी दळण घरच्या छोट्या, गहू कधीच न पाहिलेल्या यंत्रावर काढा, नाहीतर ‘ग्लूटेनमुक्त’ असे छापलेले पीठच घ्या.

अख्खी कडधान्ये आणि डाळी त्या मानाने सोप्या. त्यात शेतातून किंवा गोदामातून गव्हा-जवाचे दाणे येतात, पण ते डोळ्यांना दिसतात. गव्हाचा एक दाणा साधारण 40 मिलिग्रॅमचा, त्यात चारेक मिलिग्रॅम ग्लूटेन. ताटात पसरून निवडायचे आणि दोन-तीन पाण्यांनी धुवायचे. तेच कडधान्य दळून आणले की दाणा दिसेनासा होतो आणि उपाय हातातून जातो. म्हणून मुलीसाठी होईल तितके अख्खे घ्या.

आता भांडी. सगळा संसार दुप्पट करायची गरज नाही. काच, स्टील, चिनीमाती नीट घासली की चालते. वेगळे हवे ते ज्यात पीठ अडकते ते: चाळणी, गाळणी, लाकडी फळी आणि लाटणे, लाकडी चमचे, ओरखडे पडलेले नॉनस्टिक भांडे, केक-बिस्किटांचे खाचेदार साचे. यात चाळणीचा नंबर पहिला. तिच्या जाळीतून पीठ पूर्ण निघतच नाही. मुलीच्या वस्तूंना एकच ठरावीक रंग द्या, म्हणजे घाईत पाहुण्यालाही कळेल.

लोणी, जॅम, शेंगदाण्याचे बटर, चीज स्प्रेड यांच्या बरण्या हा पुढचा मुद्दा. ब्रेडला लावलेली सुरी परत बरणीत गेली की चुरा आत राहतो. मुलीची बरणी वेगळी ठेवा, नाव घालून, वरच्या फळीवर. वरच्या फळीवरून खाली चुरा सांडत नाही असा कुणाचा समज असेल तर फ्रिजची खालची फळी एकदा बघा.

एक सुखद अपवाद सांगते. टोस्टरची धास्ती जवळजवळ प्रत्येक पालकाला असते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात ग्लूटेनमुक्त ब्रेड सामाईक टोस्टरमध्ये भाजून तपासला, तर ग्लूटेन 20 पीपीएमच्या आतच राहिले. त्याच प्रयोगात गव्हाचा पास्ता उकळलेल्या पाण्यात ग्लूटेनमुक्त पास्ता शिजवला, तेव्हा मात्र तो मर्यादेच्या बराच वर गेला. मी अजूनही वेगळा टोस्टर घ्या असेच सांगते, कारण प्रयोग छोटा होता आणि घरोघरचे टोस्टर किती भरलेले असतात ते मला माहीत आहे. पण आजीच्या घरी एकदा सामाईक टोस्टर वापरला म्हणून रात्रभर जागायचे कारण नाही. उकळते पाणी आणि तळणीचे तेल हे जास्त धोक्याचे. ब्रेडक्रम्स लावलेले काही ज्या तेलात तळले, त्याच तेलात तळलेले बटाटे तिला देऊ नका. तेल गाळून घेतले तरी नको.

स्वयंपाकघर झाले. आता लेबल.

लेबल वाचताना चार नावे शोधायची: गहू, जव म्हणजे बार्ली, राय (गव्हासारखे एक धान्य, मोहरी नव्हे), आणि माल्ट. गव्हाच्या पोटात मैदा, रवा, कोंडा, गव्हाचे सत्त्व, दलिया, कुसकुस, ड्युरम, स्पेल्ट आणि खपली येतात. ‘जुना गहू’, ‘देशी गहू’, ‘खपली पचायला हलकी’ असे कितीही छापले असले तरी तो गहूच आहे आणि सिलिअ‍ॅकला चालत नाही. गहू आणि राय यांच्या संकरातून आलेले ट्रिटिकेलही याच पंक्तीत. कुट्टूला इंग्रजीत बकव्हीट म्हणतात, पण त्याचा गव्हाशी काही संबंध नाही, ते चालते. मात्र त्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या नूडल्समध्ये बऱ्याचदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, तेव्हा घटकांची ओळ वाचाच.

या चौघांत लोकांची सर्वांत जास्त फसगत माल्ट करतो. माल्ट म्हणजे बहुतेक वेळा मोड आणून वाळवलेला जव. त्याचा अर्क गोडव्यासाठी, रंगासाठी, खमंगपणासाठी घालतात: मक्याच्या कॉर्नफ्लेक्समध्ये, तांदळाच्या कुरकुरीत सिरियलमध्ये, चॉकलेटमध्ये, आइस्क्रीममध्ये. ‘मक्याचे आहे, मग चालेल’ या वाक्यात चूक इथे होते. शिवाय ज्या देशांत लेबलवर ठळक अ‍ॅलर्जी-सूचना फक्त गव्हासाठी सक्तीची आहे, तिथे जव असूनही खाली ठळक सूचना दिसत नाही. म्हणून ‘गहूमुक्त’ छापलेले पाकीट ग्लूटेनमुक्त धरू नका. त्यात जव किंवा राय असू शकतो.

याउलट काही नावे भीतीदायक दिसतात पण निरुपद्रवी आहेत. माल्टोडेक्स्ट्रिनचा माल्टशी संबंध नाही. ते स्टार्चपासून बनते आणि त्यात प्रथिन जवळजवळ उरत नाही. ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, कॅरमेल रंग, झँथन गम, ऊर्ध्वपातन केलेले पांढरे व्हिनेगर यांच्यावरही वेळ घालवू नका. मॉडिफाइड स्टार्च, जलविच्छेदित वनस्पती प्रथिन आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट या तिघांबाबत मात्र विचारावे लागते, कारण त्यांचा स्रोत गहू किंवा जव असू शकतो.

पदार्थांचे बोलायचे तर एक साधी खूण लक्षात ठेवा: जिथे दाटपणा, चिकटपणा, कुरकुरीतपणा किंवा ‘भरणा’ लागतो, तिथे स्वस्तात काम करणारे पीठ म्हणजे गव्हाचे. तयार सूप आणि ग्रेव्हीची पावडर, पांढरा सॉस, सॉसेज आणि तयार कटलेट, माशांच्या किंवा खेकड्याच्या नकली काड्या, आधीच मसाला लावून गोठवलेले बटाटे, चवी लावलेले चिप्स. वनस्पतीजन्य नकली मांस तर कित्येकदा सरळ गव्हाच्या ग्लूटेनचेच असते. सोया सॉस नेहमीच्या पद्धतीने सोयाबीन आणि गहू दोन्ही आंबवून बनतो, त्यामुळे सोया सॉस असलेले मॅरिनेड, नूडल्सचे मसाले, चटपटीत शेंगदाणे यांच्यापर्यंत तो पोहोचलेला असतो. चघळायच्या काळ्या ज्येष्ठमधाच्या गोळ्यांत गव्हाचे पीठ असते. सुटे मसाले अख्खे घेतले तर प्रश्न नाही; पूड घेताना पाहावे लागते, आणि हिंगाची पूड तर बहुतेक वेळा गव्हाच्या पिठात मुरवलेलीच असते.

ओट्सबद्दल प्रत्येक जण विचारतो. ओट्समधले प्रथिन वेगळे आहे आणि सिलिअ‍ॅकच्या बहुतेकांना शुद्ध ओट्स चालतात. पण साधे ओट्स शेतात, वाहतुकीत आणि दळताना गव्हा-जवात इतके मिसळतात की ते ग्लूटेनयुक्तच समजावेत. वर सांगितलेला तो एक दाणा 50 ग्रॅम ओट्समध्ये आला, तर तो घास 80 पीपीएमच्या घरात जातो. टीटीजी अजून वर असताना ओट्स, अगदी ग्लूटेनमुक्त छापलेलेही, मी सुरू करत नाही. आकडा स्थिरावला की डॉक्टरांना विचारून थोड्या प्रमाणात सुरू करायचे आणि पुढची तपासणी पाहायची. काही जणांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. आधी सगळे शांत असेल तरच ते ओळखू येते.

‘यात गव्हाचा अंश असू शकतो’ ही ओळ बऱ्याच देशांत ऐच्छिक आहे. ती छापली म्हणजे कंपनी प्रामाणिक आहे, आणि नाही छापली म्हणजे कारखाना वेगळा आहे, असे दोन्ही निष्कर्ष कच्चे. माझा नियम असा: पीठ, सिरियल, मिश्रणे, बिस्किटे, नूडल्स हे धान्याचे पदार्थ फक्त ‘ग्लूटेनमुक्त’ छापलेलेच घ्यायचे. दही, साखर, तेल, मीठ, ताजी फळे-भाज्या, अंडी, साधे मांस-मासे यांना ते लेबल शोधायचे नाही. मधल्या सगळ्यांसाठी घटकांची ओळ वाचायची, आणि दर वेळी वाचायची. कंपन्या कृती बदलतात आणि पाकिटाचा रंग तोच ठेवतात.

पेयांकडे पालकांचे लक्ष उशिरा जाते. मुलांच्या दुधात घालायच्या ‘शक्तिवर्धक’ पावडरी पुष्कळदा माल्टच्या, म्हणजे जवाच्या असतात, आणि काहींत गव्हाचे पीठही असते. रोज दोन चमचे म्हणजे ही चोरवाट राहत नाही, हमरस्ता होतो. तुम्ही लिहिलेल्या तिच्या दिवसभराच्या खाण्यात ‘दूध, पावडर घालून’ असे आहे. आज घरी गेल्यावर पहिल्यांदा तो डबा वाचा. जवाचे पाणी, जव किंवा राय भाजून केलेली ‘बिनकॅफिनची कॉफी’, माल्ट घातलेले चवीचे चहा, बिस्किटचुरा घातलेले शेक ही बाकीची ठिकाणे. साधा चहा, कॉफी, दूध, फळांचा रस यांत काही नाही. गव्हांकुराच्या रसात पात्यात ग्लूटेन नसते, पण मुळाशी दाणा असतो आणि कापताना तो येऊ शकतो. मी तो देऊ नका म्हणते. ओट्सचे ‘दूध’ असेल तर ओट्सचाच नियम. मोठ्यांपैकी कुणाला सिलिअ‍ॅक निघाला, तर बिअर बंद: ती जवाची. ‘ग्लूटेन काढलेली’ बिअरही नको, कारण विकराने (एन्झाइमने) तुकडे केलेले ग्लूटेन नेहमीच्या चाचण्यांत नीट मोजले जात नाही. ऊर्ध्वपातन केलेल्या मद्यात प्रथिन वर येत नाही.

औषधांच्या गोळ्यांत भरणा म्हणून बहुधा मका किंवा बटाट्याचा स्टार्च असतो, गव्हाचा क्वचित. फार्मासिस्टला विचारा, पण उत्तर मिळेपर्यंत चालू औषध बंद करू नका. क्रीम, शॅम्पू यांचा त्वचेतून काही परिणाम होत नाही. पोटात जाते तेच मोजायचे. मुलांच्या खेळायच्या मऊ रंगीत मातीत गव्हाचे पीठ असते. खेळून झाल्यावर साबणाने हात धुतले की झाले.

घराबाहेर तीन ठिकाणे पाहा: शाळेचा डबा, वाढदिवस आणि उपाहारगृह. शाळेत डब्याची अदलाबदल होते. आठ वर्षांच्या मुलीला ओरडून ती थांबत नाही, तिच्या डब्यात वाटून खाता येण्यासारखे जास्तीचे ठेवले तर थांबते. उपाहारगृहात ‘यात ग्लूटेन आहे का?’ असे विचारू नका. बहुतेक वेळा नाही असेच उत्तर येईल. ‘हे कशात तळता? त्याच तेलात आणखी काय तळता? सॉस कोणता घालता?’ असे विचारा. उत्तर देणारा आत जाऊन विचारून आला, तर तिथे खायला हरकत नाही.

आता तुम्ही थेट न विचारलेला, पण प्रश्नात दडलेला भाग: सगळ्या घराने गहू सोडावा का? हे तुमच्या घरावर अवलंबून आहे. जागा किती, रोज पीठ मळले जाते का, स्वयंपाक किती हातांतून जातो. मला मधला मार्ग जास्त टिकताना दिसतो: सगळ्यांची मिळून असलेली भाजी, डाळ, भात, सूप, सॉस हे सगळे ग्लूटेनमुक्तच करायचे, आणि गहू तयार ब्रेडसारख्या एखाद्या वेगळ्या, सुट्या पदार्थापुरता ठेवायचा, तोही एका ठरलेल्या कोपऱ्यात. कोरे पीठ घरात आणायचे थांबले की निम्मी काळजी संपते. आकडा पुढच्या तपासणीतही अडकलेलाच दिसला, तर तीन महिने संपूर्ण घर गव्हाशिवाय चालवून पाहा. त्यातून गळती घरात आहे की बाहेर, हे कळते.

पण हे करण्यापूर्वी, आणि हे नीट वाचा, तुमच्या दुसऱ्या मुलाची आणि तुम्हा दोघांची टीटीजी तपासणी करून घ्या. सिलिअ‍ॅक असलेल्याच्या सख्ख्या नात्यात, आई-वडील आणि भावंडांत, साधारण दहात एकाला तो असतो, आणि बऱ्याचदा लक्षणे नसतात. गहू खाणे चालू असतानाच ही तपासणी खरी उत्तरे देते. आधी गहू सोडला आणि मग रक्त दिले, तर आजार असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो, आणि मग खात्रीसाठी त्या मुलाला पुन्हा काही आठवडे मुद्दाम गहू खायला घालावा लागतो.

तुमच्या जागी मी असते तर या आठवड्यात चारच गोष्टी केल्या असत्या: दुधातल्या पावडरीचा डबा, कॉर्नफ्लेक्सचे पाकीट, पीठ कुठे दळले जाते, आणि चाळणी-गाळणी. लिहिल्यावरून तुमच्याकडे रुंद वाटा याच दिसतात. त्यानंतर दोन आठवडे तिने खाल्लेले-प्यायलेले सगळे लिहून ठेवा, प्रत्येक पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो काढा, आणि पोट दुखले ती वेळ त्याच वहीत नोंदवा. दूध प्यायल्यानंतर दुखते की इतर वेळी, हे त्यात लगेच दिसेल. ती वही घेऊन सिलिअ‍ॅक पाहणाऱ्या आहारतज्ज्ञाला भेटा. घरात काहीच सापडले नाही, तर लघवीत किंवा शौचात ग्लूटेनचे न पचलेले तुकडे शोधणारी तपासणी काही ठिकाणी होते. ती फक्त गेल्या काही दिवसांचेच सांगते, तेव्हा सुट्टीत न करता शाळा चालू असलेल्या आठवड्यात करा. टीटीजी मात्र डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच, त्याच लॅबमध्ये. दर पंधरा दिवसांनी मुलीला सुई टोचून तो लवकर उतरणार नाही.